एक फेरी चालेल

मला त्या दिवशी काही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला मधेच वाटेल की आता याला पश्चात्ताप होईल, आता हा रडेल. तसं काही झालं नाही. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गाल आपला राहत नाही, चहा ओघळला तरी कळत नाही. माझं तसं झालं होतं. दोन-चार महिन्यांत उतरेल, असं मी धरून चाललो होतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी जहाजावरची नोकरी सोडून सिंगापूरला किनाऱ्यावरच्या नोकरीत आलो होतो. मालकांची जहाजं चालवून देणारी एक लहान कंपनी. जहाजं सात-आठ, ऑफिस तंजोंग पगारच्या एका जुन्या इमारतीत नवव्या मजल्यावर. जहाजांच्या इंजिनांची देखभाल नीट होते की नाही हे बघायचं माझं काम. माझ्या वर टेक्निकल मॅनेजर होते ते मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांच्या हाताखाली मी जहाजावर आधी चौथा, मग तिसरा, मग दुसरा इंजिनीअर झालो. जहाजावर चीफ इंजिनीअरला बडेसाब म्हणतात. ते किनाऱ्यावर येऊन टाय लावायला लागले तरी माझ्या तोंडातून बडेसाबच निघायचं, आणि त्यांनाही ते आवडायचं.

मला या ऑफिसात त्यांनीच ओढून आणलं. कुठलाही निर्णय घ्यायचा झाला की काचेच्या केबिनमधून बोट वाकडं करून बोलवायचे आणि विचारायचे, "प्रधानजी, तुला काय वाटतं?" त्यांना माझ्या सल्ल्याची गरज होती असं नाही. बत्तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, त्याला मी काय शिकवणार? पण विचारायचे. मी सांगितलेलं पाचातल्या तीन वेळा ऐकायचेही. माझ्या डोक्यात हळूहळू हवा गेली, हे कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी बायको बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. मी क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये एकटा. रविवारी दुपारी बडेसाब सेरंगूनहून बस बदलत माझ्याकडे यायचे. त्यांच्याबरोबर वहिनींनी दिलेला डबा असायचा. जेवण झालं की आम्ही खाली उतरायचो. आमच्या ब्लॉकच्या खाली, खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत सिमेंटची टेबलं होती आणि त्यांवर चिनी बुद्धिबळाचे पट कोरलेले होते. तिथे तिसऱ्या मजल्यावरचा एक म्हातारा गंजी आणि अर्धी चड्डी घालून बसलेला असायचा. बंदरावरच्या गोदामातून निवृत्त झालेला. त्याने आम्हा दोघांना तो खेळ शिकवला.

सोंगट्या म्हणजे लाकडी चकत्या, त्यांवर चिनी अक्षरं. हत्ती, घोडे, प्यादी ओळखीची वाटतात. पण दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे वजीर. आपला वजीर पटभर मोकाट फिरतो. त्यांचे वजीर दोन, आणि बिचारे राजाच्या महालातून बाहेर पडू शकत नाहीत. राजाच्या अवतीभवती तिरके तिरके फिरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. दुसरी गोष्ट तोफ. तोफ समोरच्या सोंगटीला सरळ मारू शकत नाही. मधे कुणी तरी एक उभा लागतो, मग त्याच्या डोक्यावरून उडी मारून ती पलीकडच्याला मारते.

पहिल्याच डावात मी जो घोटाळा केला तो फक्त आपल्याकडचं बुद्धिबळ खेळलेला माणूसच करील. म्हाताऱ्याची तोफ माझ्या राजाच्या नेमकी समोर येऊन थांबली. मधे सगळी रेघ मोकळी. लहानपणापासूनची सवय अशी की राजावर कुणी रोखून बघतंय म्हटल्यावर मधे काही तरी घालायचं. मी वजीर उचलून राजाच्या पुढ्यात ठेवला. म्हाताऱ्याने काही न बोलता तोफ उचलली, माझ्या वजिरावरून पलीकडे नेली आणि माझा राजा उचलून बाजूला ठेवला.

"युवर ओन मॅन किल युवर ओन किंग, लाह," तो म्हणाला. "नोबडी इन बिटवीन, कॅनन कॅनॉट डू एनीथिंग. यू पुट हिम देअर."

बडेसाब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. पुढे महिनाभर ऑफिसात मी काही बोलायला तोंड उघडलं की ते हळूच म्हणायचे, "प्रधानजी, मधे येऊ नका."

पटाच्या मधोमध एक नदी काढलेली असते. ती खरी नदी आहे असं म्हातारा सांगायचा. दोन हजार वर्षांपूर्वी नदीच्या दोन बाजूंना दोन राजे होते. एकाचा चुलता त्याच्या तंबूत बसून त्याला सल्ला द्यायचा. उद्या शत्रूवर हल्ला करायचा असं ठरलं, तेव्हा हा चुलता गुपचूप घोड्यावर बसून शत्रूच्या छावणीत गेला. तिथल्या एका माणसाने कधी काळी त्याचा जीव वाचवला होता. शत्रूने त्याला दारू पाजली, मुलांची सोयरीक जमवली. परत येऊन चुलत्याने आपल्या राजाला सांगितलं की तो माणूस भला आहे, त्याला मारू नकोस. राजाने ऐकलं. मग मेजवानी झाली. तिथे राजाचा एक माणूस तलवार घेऊन नाचायला उठला. नाचता नाचता शत्रूला उडवायचा बेत. तर चुलताही तलवार काढून नाचायला लागला आणि दर वेळी अंगाने मधे आला. शत्रू वाचला आणि पुढे सम्राट झाला. राजाने नदीकाठी जीव दिला.

"आणि चुलता?" बडेसाबांनी विचारलं.

"ही गॉट टायटल. अँड न्यू सरनेम. एम्परर्स सरनेम."

"घरचा भेदी लंका जाळी," बडेसाब मला म्हणाले. "आपल्याकडे बिभीषणाला लंका मिळाली, याला आडनाव." मग थोडा वेळ सोंगट्या लावत राहिले आणि म्हाताऱ्याला इंग्रजीत विचारलं, "त्याला झोप लागत असेल का हो?"

"व्हाय नॉट? हिज किंग नेव्हर नो."

आता जहाजाचं सांगतो. आमचं एक जुनं मालवाहू जहाज होतं. इंजिनाचा मोठा शाफ्ट ज्या बेअरिंगांवर फिरतो, ती झिजली की शाफ्ट किंचित वाकतो. किती वाकतो ते मोजून जहाजावरून आकडे पाठवतात. एका शुक्रवारी त्या जहाजाच्या चीफचा फॅक्स आला. एका बेअरिंगचे आकडे मर्यादेच्या अगदी काठावर होते. दोन दिवस बंदरात थांबून उघडून बघू का, असं त्याने विचारलं होतं. दोन दिवस थांबायचं म्हणजे मालकांची बोलणी खायची. बडेसाब तो कागद घरी घेऊन गेले. शनिवार-रविवार जुने आकडे मांडून बसले होते, हे मला ठाऊक आहे, कारण त्या रविवारी ते खेळायला आले नाहीत.

सोमवारी त्यांनी बोट वाकडं केलं. कागद माझ्यापुढे सरकवला. "प्रधानजी, तुला काय वाटतं? मला हे काही बरं दिसत नाही."

मी बघितलं. मागच्या वेळेपेक्षा फरक थोडाच होता. शिवाय थांबवलं तर मालकांच्या फोनला उत्तरं मलाच द्यावी लागणार होती. खरं तर दुसरंच कारण पहिलं होतं. मी त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं, 'एक फेरी चालेल. परत आलं की उघडू,' आणि खाली सही केली. जहाजावरची खोड ती. काहीही वाचलं की सही करायची. आमच्या आपसातल्या टिपा मराठीतच असायच्या.

त्यांनी आकडे परत एकदा वाचले. मग म्हणाले, "बरं. तू म्हणतोस तर." कागद घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला.

जहाज निघालं. अकराव्या दिवशी भर समुद्रात बेअरिंग गेलं. इंजिन थांबलं, आणि काय झालं ते बघायला इंजिनाचं दार उघडलं तेव्हा गरम तेल एका मोटरमनच्या, म्हणजे इंजिनरूममधल्या खलाशाच्या, हातावर आलं. जीव वाचला, पण हात पुढे कधी पूर्ण मिटला नाही. जहाज चार दिवस तसंच तरंगत होतं, मग टगबोटीने ओढत आणलं. मालक खवळले. जबाबदार कोण ते शोधा, म्हणाले.

चौकशीच्या आदल्या आठवड्यात आमचे डायरेक्टर मला दुपारी जेवायला घेऊन गेले. चिनी गृहस्थ, मृदू बोलणारे. फिश सूप पिता पिता त्यांनी विचारलं, "समजा तुझ्या मॅनेजरना आराम करावासा वाटला, तर तू हे खातं सांभाळशील?" मी म्हटलं, सांभाळीन. इतकंच. कट शिजवायला लोकांना काळोखी खोली लागते असं कथांमध्ये असतं. आमच्या टेबलावर ऊन पडलं होतं आणि शेजारी शाळेच्या शिक्षिका हसत होत्या.

ऑफिसात येऊन मी फाईल काढली. तो फॅक्स फाईलमध्ये नव्हता. बडेसाबांना विचारलं तर म्हणाले, "सापडत नाही रे. घरी कुठे तरी गेला असेल." मला हायसं वाटलं. त्या महिन्यांत मला एवढीच एक गोष्ट स्पष्ट जाणवलेली आठवते. कागद नाही म्हणजे माझी पेन्सिलही नाही.

चौकशी मीटिंगच्या खोलीत झाली. डायरेक्टर, मालकांचा एक वकील, बडेसाब आणि मी. वकिलाचं म्हणणं, जहाजाने फॅक्स पाठवला होता. जहाजावर तो गेल्याची पावती होती, पण इथे पोचून कुणी वाचला याला पुरावा नव्हता. मशीनमध्ये कागद संपलेला असतो, अडकतो, रोजचंच होतं ते. वकिलाने बडेसाबांना विचारलं, "तुम्ही हे आकडे पाहिले होते का?"

बडेसाब म्हणाले, "रोज वीस फॅक्स येतात. नक्की सांगता येणार नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. बडेसाब खोटं बोलणारा माणूस नव्हता. हे वाक्य त्यांना जड गेलेलं दिसत होतं. गळ्याशी हात गेला होता. मला वाटलं, म्हातारा खुर्ची वाचवतोय. तसं मला वाटलं, हे मी लपवत नाही.

वकिलाने पेन बंद केलं. त्याच्याकडे पुढे काही नव्हतं. डायरेक्टरनी कागद गोळा करायला घेतले. रेघ मोकळी होती आणि तोफ नुसती बघत उभी होती. मी काही बोललो नसतो तर त्या दिवशी सगळे उठून चहाला गेले असते.

मी म्हटलं, "सरांसारखा काळजी घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. ते कधीच काही न बघता सोडत नाहीत. तो कागददेखील ते घरी घेऊन गेले होते. शनिवार-रविवार तोच घेऊन बसले होते."

बोललो ते अगदी मनापासून बोलल्यासारखं. आवाजही थोडा भरून आला. खोलीतल्या कुणालाही वाटलं असतं की हा आपल्या साहेबासाठी धडपडतोय, आणि बोलण्याच्या भरात याची जीभ घसरली. वकिलाने पेन उघडलं. डायरेक्टर माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते.

माझी जीभ घसरली नव्हती. कुठली सोंगटी कुठे ठेवतोय ते मला पक्कं ठाऊक होतं. सोमवारबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

बडेसाब माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता सांगतील. 'आणि सोमवारी हाच म्हणाला, चालेल,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी शर्टाच्या खिशावर एकदा हात ठेवला, मग काढला.

"बरोबर आहे," ते वकिलाला म्हणाले. "आता आठवलं. मी पाहिले होते. निर्णय माझा होता. माझ्या एकट्याचा."

नंतर मी खाली जाऊन कॉफी घेतली. कॉफी गोड होती. टेबलावर कुणी तरी टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली होती, म्हणून मी उभ्यानेच प्यायलो. मोटरमनच्या हाताचा विचार करून बघितला, बडेसाबांच्या चेहऱ्याचा करून बघितला. आत काहीच हललं नाही.

त्यांनी राजीनामा दिला. निवृत्ती म्हणून निरोपाचा केक कापला गेला. जहाजावर रिवाज असा की जाणारा माणूस येणाऱ्यासाठी टिपणं लिहून ठेवतो: कुठला पंप कधी रुसतो, कुठली झडप गळते, सगळं. बडेसाबांनी माझ्यासाठी वीस पानी टिपणं लिहिली, स्वतःच्या वळणदार अक्षरात. मी आधी त्या जहाजाचं पान काढलं. बेअरिंगचा नंबर, गेल्याची तारीख, बदलल्याची तारीख. 'जहाज फेरीवर सोडण्याचा निर्णय माझा.' माझा सल्ला त्यात कुठेही नव्हता. मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागलो.

ते कायमचे भारतात निघण्याच्या आधी एकदा सेरंगूनला गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं. घरभर खोकी. वहिनी वर्तमानपत्रात बरण्या गुंडाळत होत्या. मला बघून हात पुसत उठल्या.

"भाऊजी, तुम्ही एकटेच यांच्या बाजूने बोललात म्हणे," त्या म्हणाल्या. "हे सांगत होते. बाकी सगळे गप्प बसले, पण माझा प्रधान बोलला, म्हणाले." त्यांचे डोळे भरले. "अशा वेळी कोण कुणासाठी बोलतं हो?"

मी बडेसाबांकडे बघितलं. ते गुडघा ठेवून बॅग दाबत होते, पट्टा लागत नव्हता.

"अगं, चहा टाक त्याला," ते म्हणाले.

मी चहा प्यायलो. दोन चकल्या खाल्ल्या. वहिनींनी मेतकुटाची बरणी दिली, बायको आली की तिला उपयोगी पडेल म्हणून, तीही घेतली. निघताना बडेसाबांनी दारापर्यंत येऊन एक लाकडी डबा हातात ठेवला. त्यांचा सोंगट्यांचा डबा.

"तिकडे कोण खेळणार माझ्याशी?" म्हणाले. "ठेव. पण लगेच उघडू नकोस. खेळावंसं वाटेल तेव्हा उघड."

मला खेळावंसं वाटलं नाही. मी त्यांच्या केबिनमध्ये बसायला लागलो. बायको मुलीला घेऊन आली. आम्हाला पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळाला. रविवारी मी खाली उतरायचं टाळायचो. म्हातारा दिसला तर हात करायचो आणि लिफ्ट गाठायचो. एकदा त्याने विचारलं, "युवर फ्रेंड?" मी म्हटलं, गेला परत. डबा कपाटाच्या वर, पंख्याच्या जुन्या खोक्यामागे होता. सेरंगूनच्या त्या चहाची मला कधी आठवण यायची, पण बातमी वाचावी तशी यायची. इंजेक्शन काही उतरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही ते उतरायची वाट बघणं सोडून दिलं होतं.

चार वर्षांनी आम्ही मोठ्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. एका शनिवारी सकाळी बायको कपाटावरचं सामान काढत होती. मी जमिनीवर बसून खोक्यांना पट्टी लावत होतो. तिने डबा उघडला.

"अय्या, किती छान आहेत! कुणाच्या या?" तिने चकत्या बाहेर काढल्या. बत्तीसच्या बत्तीस होत्या. तळाशी चारदा घडी घातलेला एक कागद होता. तिने तो उलगडला.

फॅक्सचा तो जुना गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद. तो आपोआप पुसला जातो, उष्णतेने तर लवकरच. मी बसल्या जागेवरून बघितलं. जहाजाचं नाव गेलं होतं, तारीख गेली होती, चीफची विनंती गेली होती, आकड्यांचा अख्खा तक्ता गेला होता. सबंध कागद पिवळट कोरा. फक्त कोपऱ्यातली पेन्सिल जशीच्या तशी होती. पेन्सिल आपोआप पुसली जात नाही.

चौकशीच्या दिवशी तो त्यांच्या खिशात होता, की सामान बांधताना सापडला, हे मला आजवर माहीत नाही. पण खिशावर ठेवलेला तो हात मला दिसला. 'नक्की सांगता येणार नाही' म्हणताना गळ्याशी गेलेला हातही दिसला. बडेसाब खुर्ची वाचवत नव्हते. कागद बाहेर आला असता तर त्यावर माझी सही होती. ते मला वाचवत होते, आणि मी मधे आलो.

गालात पहिल्यांदा कळ आली. चार वर्षं उशिरा, आणि एकदम सगळी.

बायको कागद उजेडाकडे धरून वाचत होती. "हे तर तुझं अक्षर," ती म्हणाली. "'एक फेरी चालेल.' कशाची फेरी रे?"

माझ्या हातात चिकटपट्टी होती. ती मी खाली ठेवली.

"बस जरा," मी म्हटलं. "सांगतो."